संतांचं अक्षर आणि अपरिग्रह



आजच्या वाचनात गीतेच्या सहाव्या अध्यायातला दहावा श्लोक होता. त्यातल्या 'अपरिग्रह' या शब्दापाशी अडकलो. पैसा, गाड्या, फ्लॅट यांचा हव्यास नको, हे कळतं. पण सत्पुरुषांच्या हातच्या अक्षराचा संग्रह? तो परिग्रह की भक्ती?

प्रश्न सुचला कारण सध्या मी ज्यू धर्मगुरूंच्या, म्हणजे रब्बींच्या, हस्तलिखित पत्रांबद्दल वाचतोय. अशी दुर्मिळ पत्रं लिलावात येतात आणि संग्राहक मोठी किंमत मोजून ती घेतात. मजकूर छापील मिळत असला तरी त्यांना तोच कागद हवा असतो, ज्यावरून त्या माणसाचा हात फिरला. मला हे वेडेपणाचं वाटत नाही. आपणही देहूला गेल्यावर असेच हळवे होतो.

पण त्याच परंपरेत एक कडक नियम आहे. सुमारे हजार वर्षांपूर्वी जर्मनीतल्या माइन्झमध्ये रब्बी गेर्शोम होऊन गेले. दुसऱ्याचं पत्र परवानगीशिवाय वाचू नये, वाचेल तो बहिष्कृत, ही बंदी त्यांच्या नावानं चालत आली आहे. पुढे लोक पत्राच्या बाहेरच या बंदीची आद्याक्षरं लिहीत. एन्क्रिप्शन नव्हतं, धर्माची आण हेच कुलूप.

दुसरी रीत गेनिझाची. देवाचं नाव असलेला कागद नष्ट करायचा नाही, बाजूला जपून ठेवायचा. जुन्या कैरोतल्या बेन एझ्रा सिनेगॉगमध्ये असे कागद शतकानुशतकं साठले. १८९६-९७ मध्ये सॉलोमन शेख्टर यांनी त्यातला मोठा भाग केंब्रिजला नेला.

त्यात बाराव्या शतकातले थोर रब्बी मोशे बेन मैमोन यांना भावानं लिहिलेलं पत्र आहे. हा भाऊ, दावीद, व्यापारी होता. तांबड्या समुद्रावरच्या ऐधाब बंदरातून तो कळवतो की मी आता हिंदुस्थानाकडे निघालोय, काळजी करू नका. दावीद पुढे हिंदी महासागरात बुडाला. मोशे जवळजवळ वर्षभर अंथरुणाला खिळले. अनेक वर्षांनी एका ओळखीच्या माणसाला त्यांनी लिहिलं की दावीदचं अक्षर दिसलं तरी काळीज हलतं आणि दुःख पुन्हा जागं होतं.

हे वाचून मी थांबलो. ज्या अक्षरानं त्यांचं काळीज हलायचं, ते मी लॅपटॉपवर झूम करून बघत होतो.

आणि आजी आठवली. आजोबा गेल्यावर त्यांनी आजीला लिहिलेली पत्रं एका डब्यात सापडली. मी उत्साहानं मोबाइलवर स्कॅन करून फॅमिली ग्रुपवर टाकली. सगळ्यांनी हार्ट पाठवले. आजी एवढंच म्हणाली, "अरे, ती मला लिहिली होती ना? विचारायचं तरी." मी डिलीट केलं, पण तोवर ती पुढे गेली होती.

मग जुनी पत्रं वाचूच नयेत का? तसं नाही वाटत. दावीदचं पत्र कुणी जपलं नसतं, उलगडलं नसतं, तर एवढ्या मोठ्या ज्ञानी माणसाचं भावावरचं प्रेम मला कळलंच नसतं. पण पत्र विकत घेतलं तरी ते 'माझं' होत नाही. पाकिटावरचं नाव दुसऱ्याचंच राहतं. संग्राहक फार तर विश्वस्त. तिजोरीत ठेवून भाव वाढायची वाट बघितली, तर तो परिग्रह. नीट जपलं, अभ्यासकाला दाखवलं, आणि त्यातला खासगी भाग चघळला नाही, तर ती सेवा. कागद तोच, फरक धरणाऱ्या हाताचा.

आज एकच करू या. आपल्याकडे कुणाचं काही जपून ठेवलेलं असेल, एखादं पत्र, फोटो, जुना मेसेज, तर स्वतःला विचारू: मी हे त्या माणसासाठी ठेवलंय, की माझ्याकडे आहे हे सांगण्यासाठी?

मी संध्याकाळी तो डबा आजीच्या कपाटात परत ठेवणार आहे.

रामकृष्ण हरी.