ताबा कोणाचा?

गेल्या आषाढी वारीत फलटण मुक्कामी आमचे कीर्तन आटोपले, तेव्हा बुक्का लावून घ्यायला आठेक वर्षांचा एक मुलगा आला. आईबापांचा घटस्फोट झालेला; आई एका दिंडीत, बाप दुसऱ्या. आम्हांस पुसतो, "महाराज, कोर्टानं माझा ताबा आईला दिलाय. मग बाबांच्या दिंडीत चाललो तर चालंल का?"

ताबा! हा शब्द आम्हांस फार बोचला. ताबा शेताचा असतो, घराचा असतो. याज्ञवल्क्यांनी दानधर्म सांगताना 'आपले ते द्यावे' म्हटले, पण बायको-मुले त्यातून वगळली.

खरे सांगतो, काडीमोडाचे नाव निघाले की आम्ही चवताळत असू, आणि मूल बापाचेच, असेही बोलून गेलो आहो. पुढे १९५६ चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा पाहिला. कलम ६ बापाला पहिला पालक म्हणते खरे, पण पाच वर्षांखालचे लेकरू सामान्यतः आईपाशीच असावे, असेही म्हणते. आणि कलम १३ या सर्वांवर मुलाचे कल्याण ठेवते. बाप लक्षच देत नसेल तर त्याच्या हयातीतही आई पालक होते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली सांगितले. कायदा मुलाचे हित पुसतो; आईबाप मात्र आपापला हक्क पुसत बसतात. नवराबायकोचे पटले नाही, समजू शकतो. पोराला त्यात साक्षीदार करणे, हे आम्हांस पाप वाटते.

दोघांनाही बोलावणे धाडले. आली, पण एकमेकांकडे पाहीनात. पोराची टाच सोलली होती. ती पाहायला दोघेही एकदमच खाली वाकली.