मंजुरीनंतरचा तुरुंग

मध्य प्रदेशातल्या मोतीराम नावाच्या गवंड्याचे अपील प्रलंबित असताना सर्वोच्च न्यायालयाने त्याला जामीन मंजूर केला आणि रक्कम ठरवण्याचे काम खालच्या न्यायालयावर सोपवले. दंडाधिकाऱ्यांनी १०,००० रुपयांचा जामीनदार मागितला. भाऊ पुढे आला, तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून तो नाकारला गेला. प्रकरण पुन्हा दिल्लीत गेले. १९७८ मध्ये न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर यांनी मोतीरामला १,००० रुपयांच्या जातमुचलक्यावर सोडायला लावले आणि जिल्ह्याची हद्द ओलांडताच भारतीय माणूस परका कसा ठरतो, याचा जाब विचारला.

जामिनाची चर्चा आपण तो मिळाला की नाकारला, एवढ्यावरच थांबवतो. पण गरिबाची कोंडी पुष्कळदा जामीन मंजूर झाल्यावर सुरू होते.

आदेशात अमुक रकमेचा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचे एक किंवा दोन जामीनदार मागितलेले असतात. जामीनदाराने शिधापत्रिका, पगारपत्रक, घरपट्टीची पावती किंवा सातबारा आणायचा, कधी तहसीलदाराचा ऐपतीचा दाखला. मग त्या कागदांची पडताळणी. बीडहून वा बिहारहून येऊन मुंबईच्या नाक्यावर काम शोधणारा मजूर असा माणूस कुठून आणणार? त्याच्या ओळखीचे लोक त्याच्यासारखेच भाड्याच्या खोलीत राहतात. जामीनदार शोधायला मुदत देऊन तात्पुरत्या रोख जामिनावर सोडण्याची रीत मुंबईत आहे, पण ती रोकड तरी हातात हवी. याच अडचणीवर न्यायालयांच्या आवारात भाडोत्री जामीनदारांचा धंदा पोसला जातो. आरोपीला कधी न पाहिलेला माणूस बनावट कागदांवर त्याच्या हजेरीची हमी देतो आणि कायद्याचे समाधान होते. खरा भाऊ मात्र दाराबाहेर उभा राहतो.

आरोपी पळून जाईल, साक्षीदाराला धमकावेल, ही फिर्यादीची भीती अनेकदा खरी असते आणि तिला कोणी हलके लेखू नये. पण तिचा विचार जामीन अर्जाच्या सुनावणीत करायचा असतो. तो करूनच न्यायाधीशांनी या माणसाला बाहेर राहू द्यायचे ठरवलेले असते. त्यानंतरही तो आतच राहिला, तर त्याला कोंडून ठेवणारे कारण त्याच्या रिकाम्या खिशाखेरीज दुसरे कोणते? चोरीसारख्या लहान गुन्ह्यातला कैदी मग कंटाळून गुन्हा कबूल करतो, कारण भोगलेली कोठडी शिक्षेत वजा होऊन घरी जाता येते. निर्दोष असला तरी.

१९७९ च्या हुसैनारा खातून प्रकरणात बिहारमधले असे कच्चे कैदी समोर आले, की आरोप सिद्ध होऊन जास्तीत जास्त शिक्षा झाली असती, तरी ते केव्हाच सुटले असते. तेव्हाच न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी सांगितले होते, की आरोपीचे वास्तव्य, काम, कुटुंब पाहावे आणि त्याची मुळे समाजात असतील तर त्याला जातमुचलक्यावर सोडावे. २०२२ अखेर देशातल्या ५,७३,२२० कैद्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी होते. चारातले तीन! यातल्या सगळ्यांना जामीन मंजूर झालेला नाही, हे खरे. पण ज्यांना झाला, त्यांच्या आत राहण्याचे समर्थन कोणालाच करता येणार नाही.

कायदा अगदीच हातावर हात ठेवून बसला नाही. जामीनपात्र गुन्ह्यात अटकेपासून आठवड्यात जामीनदार मिळाला नाही, तर आरोपी निर्धन आहे असे मानून त्याला जातमुचलक्यावर सोडायचे, ही तरतूद आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७८ मध्ये आहे. अजामीनपात्र गुन्ह्यात असे गृहीतक नाही. कलम ४७९ ने, फाशी-जन्मठेपेचे गुन्हे वगळून, पहिल्यांदाच आरोपी झालेल्याला कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळानंतर सुटकेची वाट दिली. पण एकाहून अधिक प्रकरणे प्रलंबित असली, की ती बंद. भुरट्या चोरीत सापडणाऱ्या पोरांवर अनेकदा दोन-तीन प्रकरणे असतातच.

जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिले: जामिनाच्या आदेशाची प्रत त्याच किंवा दुसऱ्या दिवशी ई-मेलने तुरुंगात जावी, सात दिवसांत कैदी सुटला नाही तर अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवावे, महिनाभरात जामीन भरला गेला नाही तर न्यायालयाने स्वतःहून अटी सैल करण्याचा विचार करावा, स्थानिक जामीनदाराचा हट्ट सुटकेला उशीर लावतो, म्हणून तो धरू नये. मोतीरामच्या निकालानंतर ४५ वर्षांनी हे पुन्हा सांगावे लागले, याचा मला मनापासून संताप येतो. त्याच वर्षी केंद्राने गरीब कैद्यांसाठी ४०,००० रुपयांपर्यंत जामिनाची रक्कम भरण्याची योजना आणली. योजना चांगलीच आहे, पण न्यायालय ऐपतदार माणूसच मागत राहिले, तर निधीतून तो कसा उभा करणार?

म्हणून आठवड्याचे ते गृहीतक अजामीनपात्र गुन्ह्यांनाही लावावे, अशी माझी मागणी आहे. जामीन मंजूर झाला आणि आठवड्यात जामीनदार आला नाही, तर आरोपीने अर्ज करण्याची वाट न पाहता जातमुचलका पुरेसा मानावा. रक्कम लिहिण्याआधी दंडाधिकाऱ्यांनी आरोपीला त्याची रोजची मजुरी विचारावी आणि ती आदेशात नोंदवावी. तारखेला तो हजर राहावा म्हणून त्याला आणि त्याच्या घरच्यांना आदल्या दिवशी फोन करण्याचे काम विधी सेवा प्राधिकरणाकडे द्यावे. यासाठी लागणारा खर्च त्याला महिनोन् महिने तुरुंगात पोसण्याच्या खर्चापेक्षा नक्कीच कमी असेल.