श्रद्धेने तरणे : एक विचार

बेळगावात लंडन मिशनरी सोसायटीचे कार्य १८२० साली सुरू झाले, आणि १९५३ साली येथे कॅथॉलिक धर्मप्रांताची स्थापना झाली. आपल्या या सीमाभागात ख्रिस्ती कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहेत. त्यांच्या श्रद्धेचा विषय निघाला म्हणजे आपण बहुधा ‘देव सारे एकच’ असे म्हणून मोकळे होतो. यात सौजन्य असते खरे. परंतु समोरच्याचे म्हणणे ऐकून घेण्याचे कष्ट आपण टाळलेले असतात.

ते म्हणणे असे आहे. येशू हा केवळ सद्‌गुरू नव्हे. अनेक अवतारांपैकी एक अवतारही नव्हे. पूर्ण ईश्वर एकदाच आणि कायमचा मनुष्य झाला, व मानवाच्या पापांसाठी क्रूसावर मरण पावला. येशूच्या ईश्वरत्वाचा हा सिद्धान्त इ. स. ३२५ मध्ये निकिया येथील धर्मपरिषदेने ठाम शब्दांत मांडला. मनुष्य स्वतःच्या पुण्याईने तरत नाही. ईश्वराच्या कृपेने, श्रद्धेच्या द्वारे तरतो. सत्कर्म हे मुक्तीचे मोल नसून श्रद्धेचे फळ होय, असे प्रॉटेस्टंट पंथीय विशेषकरून सांगतात.

हे म्हणणे गांभीर्याने तपासणारी एक थोर विदुषी आपल्याच भाषेत होऊन गेली. पंडिता रमाबाई यांचा जन्म १८५८ साली कर्नाटकातील गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी समाजाचा रोष पत्करून पत्नीला संस्कृत शिकविले. रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. तथापि त्यानंतरही येशूचे ईश्वरत्व आणि त्रैक्य यांविषयी आपल्या ख्रिस्ती गुरुभगिनींशी त्यांनी पत्रांतून कसून वाद केला. आपल्याला ख्रिस्ती धर्म लाभला होता, पण ख्रिस्त लाभला नव्हता, आणि तो उमगण्यास पुढे सुमारे आठ वर्षे लागली, अशा आशयाचे त्यांनी स्वतःच लिहिले आहे.

स्वप्रयत्न की कृपा, हा प्रश्न आपल्याही घरचाच आहे. श्रीरामानुजांच्या परंपरेत यावरूनच दोन पक्ष झाले. माकडिणीचे पिलू आईला स्वतः घट्ट धरते. मांजरीच्या पिलाला आईच तोंडात धरून नेते. जीवाने धरायचे की देवाने उचलायचे? दुसऱ्या पक्षाचे उत्तर ख्रिस्ती उत्तराच्या पुष्कळच जवळ जाते.

मतभेद आहे तो ‘एकदाच’ आणि ‘याच द्वारे’ या दोन शब्दांशी. रमाबाईंच्या मातापित्यांचेच उदाहरण घ्यावे. त्यांनी वर्षानुवर्षे तीर्थयात्रा केल्या, पुराणे सांगितली, व्रते पाळली, आणि अखेर दुष्काळात अन्नावाचून देह ठेवला. अशा जीवांना तरणोपाय नाही, हे आपले मन मानीत नाही. खुद्द ख्रिस्ती विचारवंतांनाही या प्रश्नाने स्वस्थ बसू दिलेले नाही. ज्याला स्वतःच्या दोषावाचून ख्रिस्ताची ओळख झाली नाही, परंतु जो शुद्ध अंतःकरणाने ईश्वराचा शोध घेतो, त्यालाही मुक्ती मिळू शकते, असे कॅथॉलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली सांगितले. ईश्वराची कृपा एकाच घटनेपुरती बांधलेली नाही, हे मत आपण नम्रपणे, पण स्पष्टपणे सांगण्यास हरकत नाही.

मात्र हे मत सांगणाऱ्याने केडगावच्या मुक्तिसदनाकडेही पाहावे. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी शेकडो निराधार मुली व बायका आणून वाढविल्या. तत्पूर्वी त्यांच्या शारदासदनात बालविधवा येत, त्या आपल्याच घरांतून. कारण त्या घरांत त्यांना मान नव्हता आणि विद्याही नव्हती. सर्वांभूती ईश्वर पाहणाऱ्या समाजाला घरातल्या विधवेत तो दिसला नाही, हे सत्य वादात जिंकून पुसले जाणार नाही.

म्हणून ख्रिस्ती शेजारी जेव्हा ‘येशूने मला तारले’ असे म्हणेल, तेव्हा त्याचा अर्थ त्यालाच विचारावा. आपला भरवसा कोणावर आहे आणि त्या भरवशाने आपल्या घरात कोणाचे दुःख हलके झाले, हे त्याने उलट विचारल्यास सांगता यावे, एवढी तयारी प्रत्येक कुटुंबाने ठेवावी.