खोगिराखालची जखम



विजयादशमी जवळ आली, की आपल्या देवळांतून पालखीची झाडलोट सुरू होते, शस्त्रे घासून लखलखीत केली जातात, आणि ज्यांच्या दारी घोडा आहे ती मंडळी त्याला न्हाऊ घालून, कपाळी कुंकू लावून, गळ्यात झेंडूची माळ घालून त्याची पूजा करतात. या अश्वपूजेचा अर्थ काय, यावर चार शब्द लिहावेत, अशी आज्ञा मंडळाच्या वडीलधाऱ्या सभासदांनी आम्हांस केली. आमचे शिक्षण हायस्कुलापुरते, वय पंचविशीच्या आतबाहेर. तेव्हा हा लहान तोंडी मोठा घास आहे, हे आम्ही जाणतो. परंतु या विषयात आमच्या हातून एक मोठी चूक घडलेली आहे. आणि जो एकदा खड्ड्यात पडला, त्याला त्या वाटेवरचा खड्डा नीट ठाऊक असतो. तेवढ्याच अधिकाराने आम्ही लिहीत आहोत.

आमच्या देवळाच्या पालखीपुढे दसऱ्याला निशाणाचा घोडा चालतो. एका भाविक घराण्याचा हा घोडा. तीन वर्षे त्याने ही सेवा निमूटपणे केली होती. चौथ्या वर्षी सीमोल्लंघनाच्या दिवशी मात्र खोगीर पुढे आणताच त्याने कान मागे पाडले, शेपटीचे फटकारे मारले आणि पाठमोरा होऊ लागला. नमदा पाठीवर टाकला तो त्याने अंग चोरले. पोटाखालून तंग घेऊन आवळू लागताच मान वळवून धरणाऱ्याच्या दंडाचा चावा घेतला. मंडळी जमलेली, मुहूर्त टळू पाहत होता, ताशे वाजत होते. कोणी म्हणाले, "माजला आहे." कोणी म्हणाले, "दृष्ट लागली." लगाम आमच्या हाती होता. आम्ही वेताची छडी उचलली आणि त्या मुक्या जनावराला पाचसात वेळा मारले. घोडा थरथरत उभा राहिला. आम्हांस वाटले, आला वठणीवर. तंग आवळला. पण पालखी वेशीपर्यंत पोचण्यापूर्वीच तो मागच्या पायांवर उभा ठाकला, स्वार घसरला, आणि देवाचे निशाण धुळीत पडले.

त्या रात्री ओवरीत मंडळी बसली. निशाण पडले हा अपशकुन, घोडा खोटा निघाला, तो विकून टाकावा, असे बहुतेकांचे मत पडले. आमचे तीर्थरूप अण्णा, ज्यांचा जन्म त्या देवाच्या पूजेत गेला, ते बराच वेळ गप्प होते. शेवटी इतकेच म्हणाले, "विकायचा तर विका. पण त्याला काय सांगायचे होते, ते आधी कोणीतरी विचारा."

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांनी एका वृद्ध गृहस्थांना बोलावून आणले. त्यांनी आयुष्यभर टांगा हाकला होता. त्यांनी खोगिराला हातही लावला नाही. घोड्याला थेट आपल्या पाठीमागचे आणि नाकाच्या अगदी समोरचे दिसत नाही. म्हणून ते बाजूने, तोंडाने काहीतरी पुटपुटत, डाव्या खांद्याशी गेले. मानेपासून तळहात फिरवीत फिरवीत पाठीवर आले. एका ठिकाणी हात पोचताच घोड्याची कातडी थरारली आणि पाठ खाली दबली. केस बाजूला सारून पाहतो, तो रुपयाएवढी जखम! मग त्यांनी खोगीर उलटे केले. आतील भरणीचा गोळा होऊन एक टणक गाठ आली होती, आणि नमद्यात वाळलेला सराटा रुतून बसला होता. आम्ही ज्याला खोगीरभरती म्हणून हसतो, ती भरती एका जिवाच्या पाठीत घुसत होती. म्हातारबाबा आमच्याकडे वळून म्हणाले, "धाकटे गुरुजी, घोडा खोटा न्हवं. ह्यो वरडाय लागला हुता. तुमास्नी ऐकू आलं न्हाई, येवढंच."

आम्ही मान खाली घातली. अण्णा म्हणाले, "बाळ, ज्याच्या पाठीला जखम आहे, त्याच्या पाठीवर देव बसत नाही."

वाचकहो, त्या दिवसापासून महाभारतातील एक प्रसंग आमच्या डोळ्यांपुढून हलत नाही. द्रोणपर्वातील तो जयद्रथवधाचा दिवस. सूर्यास्तापूर्वी जयद्रथाला मारीन, नाहीतर अग्निप्रवेश करीन, अशी अर्जुनाची प्रतिज्ञा. सूर्य पश्चिमेकडे झुकलेला, शत्रूचे सैन्य चोहोकडे, आणि रथाचे घोडे बाणांनी विद्ध होऊन थकलेले. क्षणाक्षणाचे मोल प्राणाइतके होते. अशा वेळी आमच्यासारख्याने काय केले असते? चाबूक ओढला असता! परंतु अर्जुनाने घोड्यांना विसावा द्यावा असे सुचविले, आणि भगवंतांनी ते मान्य केले. अर्जुन खाली उतरून पायी लढत राहिला, बाणाने भूमी भेदून त्याने पाणी काढले. आणि प्रत्यक्ष श्रीकृष्णांनी भर रणांगणात घोडे सोडले, त्यांच्या अंगांतील बाण आपल्या हातांनी उपसले, त्यांना चोळले, पाणी पाजले, चारा दिला. मगच ते पुन्हा रथाला जोडले.

यातील क्रम पाहण्याजोगा आहे. आधी बाण काढणे, मग चोळणे, मग पाणी, मग चारा, आणि सर्वांत शेवटी जू. ज्याला विश्वाचा कारभार आहे त्याला यासाठी सवड होती. आम्हांला मात्र मुहूर्ताची घाई होती. पण दुसरी गोष्टही तितकीच ध्यानात धरावी. भगवंतांनी घोडे पुन्हा जोडले. दया आली म्हणून त्यांना मोकळे सोडून दिले नाही. काम टळत नाही, धर्म टळत नाही. जखम पाहणे ही कर्तव्यातून दिलेली सुटका नव्हे, ती कर्तव्याची पहिली पायरी आहे.

आता ज्यांच्या घरी घोडा आहे त्यांच्या उपयोगी पडेल असे, आम्ही जाणत्यांकडून शिकलो ते सांगतो. खोगीर पाहून घोडा बिथरतो त्याची कारणे पुष्कळ असतात, आणि त्यांतील बहुतेक दुखण्याची असतात. पाठीवर जखम असेल. खोगीर त्याच्या पाठीला बसत नसेल; कारण घोडा वाळला की भरला की त्याच्या पाठीचा आकार बदलतो, आणि कालचे खोगीर आज टोचू लागते. तंगाच्या जागी कातडी सोलली असेल. पोटातही दुखत असेल. घोडा हा दिवसभर थोडेथोडे चरणारा प्राणी; त्याच्या पोटात आम्ल सारखे पाझरत असते. त्याला तासन् तास उपाशी बांधून ठेवले, दोनदा तोबरा भरून चंदी दिली आणि वैरण कमी केली, तर जठरात व्रण पडू शकतात. मग तंग आवळताच तो चावायला धावतो. म्हणून प्रथम पशुवैद्याला दाखवावे. रोज खरारा करताना सर्व पाठीवरून हात फिरवावा. नमदा कोरडा आणि स्वच्छ ठेवावा.

घोडा सहसा एकदम लाथ मारीत नाही. तो आधी कान पाडतो, मग शेपूट झटकतो, मग मान वळवतो, मग पाय उचलतो. हे त्याचे शब्द आहेत. या शब्दांबद्दल त्याला मारले, तर तो पुढच्या वेळी न बोलताच लाथ मारायला शिकतो. अशा घोड्याच्या मागे उभे राहू नये आणि मुलांना जवळ फिरकू देऊ नये, हे सांगावयास नकोच.

आमच्या त्या घोड्याची शुश्रूषा अण्णांनी आमच्याकडेच सोपविली. दीड महिन्यात जखम भरून आली. आम्हांस वाटले, झाले काम. पण खोगीर दिसताच तो पुन्हा कान पाडू लागला! तेव्हा आम्हांस कळले की जखम भरते, आठवण लवकर भरत नाही. मग म्हातारबाबांच्या सांगण्याप्रमाणे आम्ही रोज खोगीर नुसते त्याच्यापुढे नेत असू, त्याला हुंगू देत असू, आणि मूठभर हिरवा चारा देऊन परत ठेवीत असू. काही दिवसांनी घडी केलेला नमदा क्षणभर पाठीवर ठेवला, आणि तो चुळबुळ करण्यापूर्वीच काढून घेतला. मग खोगीर, पण तंगाविना. मग तंग, पण सैल. एक भोक आवळायचे, चार पावले चालवायचे, मग दुसरे भोक. शांत राहिला की लगेच हात थांबवायचा आणि मान खाजवायची. तो अंग चोरू लागला तर रागावायचे नाही आणि पळूनही जायचे नाही. कालच्या पायरीवर परत यायचे. पाच मिनिटांच्या रागाची परतफेड करण्यास आम्हांस पाच महिने लागले. पुढच्या दसऱ्याला तो पालखीपुढे नुसती झूल पांघरून चालला; निशाण माणसाने खांद्यावर घेतले. त्याच्या पुढच्या वर्षी त्याने खोगीर घेतले.

कठोपनिषदात देहाला रथ, बुद्धीला सारथी, मनाला लगाम आणि इंद्रियांना घोडे म्हटले आहे, हे आपण कीर्तन-प्रवचनांतून ऐकत आलो. त्यावरून आम्ही एवढेच शिकतो, की घोडे द्वाड आहेत, त्यांना आवळावे. परंतु तेथे दोष घोड्यांच्या माथी मारलेला नाही. ज्या सारथ्याला विवेक नाही, ज्याचे मन ताब्यात नाही, त्याचे घोडे द्वाड होतात, असा तेथील आशय आहे. त्या दसऱ्याला लगाम आमच्या हाती होता. पण आमच्या रागाचा लगाम कोणाच्या हाती होता?

आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. देवळात संध्याकाळी मुलांना स्तोत्रे शिकविण्याचे काम आमच्याकडे आहे. एक मुलगा फळ्यावरचे वाचावयास सांगितले, की खोड्या काढी, शेजारच्याला चिमटे घेई, उलट बोले. आम्ही त्याला दोनदा बाहेर उभे केले होते. तो येईनासा झाला. घोड्याची पाठ पाहिल्यावर आम्हांस त्या मुलाची आठवण झाली आणि आम्ही त्याच्या घरी गेलो. त्याला दुरून अक्षरेच दिसत नव्हती. ती लाज झाकण्यासाठी तो खोड्या काढीत होता. आता त्याला चष्मा आला आहे, पहिल्या रांगेत बसतो, चांगले म्हणतो. पण आम्ही फळ्याकडून वळलो, की आधी आमच्या हाताकडे पाहतो. त्याला आमचा हात विसरावयास किती दिवस लागतील, ते आम्हांस सांगता येत नाही.

प्रत्येक घरात असे कोणीतरी असते. अंघोळीला चला म्हटले की वसकन् अंगावर येणारे आजोबा, माहेरचे नाव निघताच भांडी आदळणारी सूनबाई, पुस्तक उघडताच पोट दुखणारा मुलगा. आपण म्हणतो, स्वभावच तसा. असेलही. पण तंग आवळण्यापूर्वी एकदा खोगीर उलटे करून पाहिले आहे काय?

आपल्या बेळगाव जिल्ह्यातील अंकलीहून शितोळे सरकारांचे अश्व दरवर्षी पायी आळंदीस जातात आणि ज्ञानोबा माऊलींच्या पालखीबरोबर पंढरीची वाट चालतात. त्यांतील एका अश्वावर कोणी माणूस बसत नाही. माऊलीच त्यावर आरूढ असतात, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. रिंगणात त्याच्या टापांखालची धूळ लोक मस्तकी लावतात. ज्याच्या पायधुळीला आपण वंदन करतो, त्याच्या जातभाईच्या पाठीवरून मायेने हात फिरविणे, हीच आमच्या मते खरी अश्वपूजा.

म्हणून येत्या दसऱ्याला घोड्याच्या कपाळी कुंकू लावण्याआधी त्याच्या पाठीवरून हात फिरवावा. ज्यांच्या दारी घोडा नाही, त्यांनी सोने वाटून झाल्यावर घरातील जो सर्वांत जास्त लाथा झाडतो, त्याच्याजवळ घटकाभर बसावे. बाजूने जावे, हळू बोलावे, घाई करू नये.

भगवान श्रीकृष्ण आपणां सर्वांस बाण उपसणारे हात देवोत, हीच प्रार्थना.

शुभं भवतु.