हत्यार खाली ठेवण्याची मोकळीक

रायपूरच्या एखाद्या लहान सुतारी कारखान्याने राउटर टेबल घ्यावे की छोटा शेपर, हा प्रश्न वरवर पाहता पैशाचा आणि जागेचा. दोन्ही यंत्रांचे काम जवळपास एकच: साग-बिजाच्या कडेला गलता पाडणे, खाच काढणे, दाराच्या पॅनेलला उतार देणे. पण कर्ता कोण आणि हत्यार त्याला काय करून सोडते, हा प्रश्न आपल्याकडे फार पूर्वीच विचारला गेला आहे, आणि तोही सुतारालाच समोर ठेवून. ब्रह्मसूत्राच्या दुसऱ्या अध्यायातल्या तिसऱ्या पादात जीवाच्या कर्तेपणाची चर्चा चालू असताना बादरायण एका अगदी छोट्या सूत्रात सुताराचा दृष्टान्त देतात. शंकराचार्यांच्या क्रमाने ते चाळिसावे सूत्र. आचार्य त्याचा अर्थ असा लावतात: वाकस वगैरे हत्यारे हातात असतात तोवर सुतार कर्ता असतो आणि दुःखीही असतो, तोच घरी येऊन हत्यारे खाली ठेवतो तेव्हा स्वस्थ आणि सुखी होतो. जीवाचे कर्तेपणही तसेच, उपाधीपुरते. ते त्याचा स्वभाव नव्हे, कारण स्वभाव असता तर ते कधीच सुटले नसते.

रामानुजांनी हेच सूत्र वेगळ्या बाजूने वाचले. त्यांच्या मते सुतार खरोखरच कर्ता आहे, आणि त्याची खूण अशी की हत्यारे जवळ असतानाही तो इच्छा असेल तर काम करतो, नसेल तर करत नाही. बुद्धी जड आहे, तिला इच्छा नाही. तीच कर्ती असती तर काम अखंड चालूच राहिले असते. रायपूरकरांना या वादाचा तिसरा पक्ष घरचाच आहे. परंपरेप्रमाणे 1479 मध्ये वल्लभाचार्यांचा जन्म झाला तो रायपूरजवळच्या चंपारणला. त्यांचे अणुभाष्य याच ब्रह्मसूत्रावर आहे, आणि त्यांच्या शुद्धाद्वैतात जग ही माया नसून ब्रह्माचेच खरे रूप आहे. म्हणजे लाकूड खरे, काम खरे आणि ते करणारा जीवही खरा. तिघांचे सिद्धान्त एकमेकांशी जुळत नाहीत. पण शंकर आणि रामानुज यांच्या दोन वाचनांत एक गोष्ट समान आहे, आणि माझ्या मते तीच कळीची: सुताराचे सुतारपण हत्यार उचलण्यात जितके आहे तितकेच ते खाली ठेवता येण्यात आहे. यंत्र निवडण्याची कसोटी इथूनच मिळते.

आता यंत्रांकडे पाहू. राउटर हे मुळात हातातले यंत्र. ते टेबलाखाली उलटे टांगले की राउटर टेबल होते. चार पेच सैल केले की पुन्हा हातात येते. टेबलावर लाकूड यंत्राकडे जाते, हातात यंत्र लाकडाकडे जाते. त्याची मोटर कार्बन ब्रशची, मिनिटाला वीस हजारांच्या आसपास फेऱ्या घेणारी, कर्कश, आणि दिवसभर सलग राबण्यासाठी न बनलेली. शेपर जमिनीवर रोवलेला असतो. त्याची इंडक्शन मोटर शांत आणि टिकाऊ, फेऱ्या सात ते दहा हजार, पाती मोठी, शिवाय उलट दिशेनेही फिरवता येणारी. मोठ्या पात्याला कमी फेऱ्या लागतात, यामागे साधे गणित आहे: 80 मिलिमीटर व्यासाचे पाते 20,000 फेऱ्यांवर चालवले तर त्याची कड सेकंदाला सुमारे 84 मीटर वेगाने धावेल, आणि हा वेग धोक्याचा आहे. म्हणून राउटरचा वेग उतरवावा लागतो, आणि जो उतार शेपर एका खेपेत देतो तो राउटर तीन-चार खेपांत, थोडा थोडा देतो.

इथेच सर्वांत सबळ आक्षेप उभा राहतो. शंकराचार्यांच्या सुताराचे दुःख कमी करायचे असेल तर शेपरच घ्यायला नको का? ज्या कारखान्यात एकाच नमुन्याची दारे रोज निघतात, तिथे राउटरची किंचाळी आठ तास ऐकवणे हा कामगारावर अन्यायच होय. हा आक्षेप मला मान्य आहे, आणि अशा ठिकाणी शेपरच योग्य. पण रायपूरच्या बहुतेक लहान सुतारांकडे काम येते ते मिसळलेले: आज देव्हारा, उद्या स्वयंपाकघराची कपाटे, परवा कुणाच्या जुन्या पलंगाची दुरुस्ती. अशा कारखान्यात शेपर आला की त्याच्या पात्यांचे संच येतात, बहुधा कर्जाचा हप्ताही येतो, आणि यंत्र मोकळे राहणे परवडेनासे होते. मग ते चालते ठेवण्यासाठी कामे शोधावी लागतात. रामानुजांनी सांगितलेली खूण, हत्यार शेजारी असूनही काम न करण्याची मुभा, तिथे पुसट होते.

यावर रामानुजांचाच आधार घेऊन कोणी म्हणेल की यंत्र जड आहे, ते कुणावर सक्ती करूच शकत नाही. हाव माणसाची, दोष यंत्राला का? हे खरेच आहे. म्हणूनच जबाबदारी खरेदीच्या क्षणावर येते. तो निर्णय चेतन माणसाचा असतो, आणि पुढची कित्येक वर्षे आपली इच्छा किती मोकळी राहणार हे तिथे ठरते. दुसरा आक्षेप पंडिताचा: सूत्रातला सुतार हा केवळ दृष्टान्त आहे, शंकराचार्य स्वतःच सांगतात की सुतार हातांनी हत्यार धरतो, निरवयव आत्म्याला तसे धरता येत नाही, तेव्हा त्यातून दुकानदारीचा सल्ला काढणे चूक. पण दृष्टान्त पटतो तो त्यातला अनुभव आधी खरा असतो म्हणून. हत्यार ठेवल्यावर सुतार सुखावतो हे लोकांना ठाऊक नसते तर आचार्यांना त्याचा उपयोगच झाला नसता. मोक्षाचा विचार त्या अनुभवावर उभा राहतो, तर मजुरीचा विचार का नाही?

गांधीवादी मित्र म्हणतील, दोन्ही नकोत, हातरंधा पुरे.  पण खुद्द गांधीजींनी 1924 मध्ये यंत्रांविषयी बोलताना शिवणयंत्राला अपवाद केला होता, ते बनवायला कारखाने लागतील हे मान्य करूनही. माणसाचे कष्ट हलके करणारे आणि माणसाच्या हुकमात राहणारे यंत्र त्यांना चालत होते. राउटर टेबल या अपवादात बसते.

दरवर्षी बहुधा 17 सप्टेंबरला विश्वकर्मा पूजेच्या दिवशी इथल्या कारखान्यांत यंत्रे बंद ठेवून त्यांना हळदकुंकू वाहिले जाते. वर्षातून एक दिवस तरी हत्यार खाली ठेवायचे, हे त्या परंपरेला उमगले आहे. उरलेल्या दिवसांचे काय, हे खरेदी करणाऱ्याने ठरवायचे. ज्याच्याकडे एकाच नमुन्याचे काम रोज असेल त्याने शेपर घ्यावा. बाकीच्यांनी राउटर टेबल घ्यावे, कानाला संरक्षण लावूनच चालवावे, आणि शक्यतो रोखीने घ्यावे.