टवका उडालेली बाजू

चिनी मातीची जुनी किटली ऑनलाइन लिलावाला लावायची ठरली, की माणूस आधी ती खिडकीपाशी नेतो. उजेड बरा पडेल अशी ठेवतो. फोटो काढायच्या आधी त्याचा हात आपोआप किटली थोडी फिरवतो, तोटीजवळचा टवका भिंतीकडे जाईल इतकीच. हे कोणी शिकवलेलं नसतं आणि यात काही लबाडी आहे असंही वाटत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे आपल्याला बाळकडूतच मिळालेलं असतं.

नव्या वस्तूच्या बाबतीत ही म्हण चालून जाते. तिथं कंपनीचं नाव असतं, हमीपत्र असतं, छापील किंमत असते. जुन्या वस्तूला यातलं काहीच नसतं. तिची सगळी कुंडली एकाच माणसाला ठाऊक, ज्यानं ती वापरली त्याला.

दारावर येणारी बोहारीण आठवून पाहा. जुन्या कपड्यांच्या बदल्यात भांडी देणारी ही बाई एकेक साडी उलगडून उजेडात धरायची, काठ चाचपायची, पदर विरलाय का ते बोटानं बघायची आणि मगच 'ताई, अजून एक जरीची टाका' म्हणायची. घरची बाई काय सांगते यावर तिचा भरवसा नसायचा. तशी गरजही नव्हती, साडी तिच्या हातात होती. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोरबाजारातही गिऱ्हाईक वस्तू उलटीसुलटी करून, वाजवून बघतं. ऑनलाइन लिलावात नेमकी हीच सोय जाते. शेकडो मैलांवरच्या अनोळखी माणसानं आपले डोळे आणि हात विक्रेत्याकडे उसने ठेवलेले असतात. किटली फिरवणारा हात त्या घटकेला एकट्या विक्रेत्याचा राहिलेला नसतो.

शिवाय म्हणीतला हिशेब इथं उलटा पडतो. १९७० साली जॉर्ज अ‍ॅकरलॉफ या अमेरिकी अर्थतज्ज्ञानं जुन्या मोटारींच्या बाजाराचं उदाहरण घेऊन तो मांडून दाखवला. गाडीत काय बिघाड आहे हे विकणाऱ्याला माहीत असतं, घेणाऱ्याला नाही. मग घेणारा प्रत्येकच गाडीकडे संशयानं बघतो आणि भाव पाडून मागतो. त्या पडलेल्या भावात चांगली गाडी द्यायला मालक तयार होत नाही. तो बाजारातून निघून जातो आणि मागे खटारे तेवढे उरतात. पुढे २००१ च्या अर्थशास्त्राच्या नोबेलमध्ये अ‍ॅकरलॉफ एक मानकरी होते. सगळ्यांनीच मुठी झाकल्या, की एकाही मुठीला सव्वा लाख येत नाहीत, असा त्यांच्या मांडणीचा मथितार्थ.

ऑनलाइन लिलाव घराघरांत नेणाऱ्या ईबेची सुरुवात मात्र उघड्या मुठीनं झाली. १९९५ मध्ये कॅलिफोर्नियात पिएर ओमिड्यार यांनी हे संकेतस्थळ सुरू केलं, तेव्हा त्याचं नाव 'ऑक्शनवेब' होतं. तिथं पहिल्यांदा विकली गेलेली वस्तू म्हणजे त्यांचाच एक मोडका लेझर पॉइंटर. किंमत आली १४.८३ डॉलर. तो मोडका आहे हे लक्षात आलंय ना, असं त्यांनी घेणाऱ्याला मुद्दाम विचारलं. त्या गृहस्थाला मोडकेच जमवायचे होते! नवख्या विक्रेत्यानं यातून एवढं घ्यावं: दोष सांगितला म्हणून गिऱ्हाईक पळत नाही. ज्याला ती वस्तू दोषासकट हवी आहे, ते गिऱ्हाईक सापडतं.

धडधडीत खोटं बोलणारे तसे थोडेच. अर्धं सांगणारे पुष्कळ. समजा, माळ्यावर काकांचा फिल्मचा कॅमेरा सापडला. सेल घातले, बटण दाबलं, काही हललं नाही. मग वर्णनात लिहिलं जातं, 'तपासलेला नाही. आहे त्या स्थितीत.' आपल्या धर्मराजाचं 'नरो वा कुंजरो वा' ते हेच. तपासलाय, बंद निघालाय आणि तरी 'तपासलेला नाही'. मुरलेलं गिऱ्हाईक या शब्दांचा अर्थ 'बंद' असाच धरतं आणि तेवढीच बोली लावतं. फसतो तो पहिल्यांदा लिलावात उतरलेला, शब्दाला शब्द मानणारा माणूस. अर्धसत्याचा फटका जो सर्वांत कमी सावध असतो, त्यालाच बसतो.

त्याच कॅमेऱ्याचं वर्णन असंही लिहिता येतं: 'नवे सेल घालून पाहिलं, शटर पडत नाही. भिंगाच्या आत कडेला बुरशीचे बारीक धागे आहेत. मागून टॉर्च धरून काढलेला तिसरा फोटो पाहावा. मागच्या झाकणाचा काळा फोम चिकट झाला आहे. चामड्याची पिशवी आहे, पट्टा नाही. फिल्म घालून पाहिलेली नाही, कारण मला ती घालता येत नाही.' शेवटचं वाक्य विशेष मोलाचं. आपल्याला काय माहीत नाही हे सांगणं हाही वर्णनाचाच भाग. असं वर्णन वाचून कॅमेरे दुरुस्त करणारा एखादा माणूस निर्धास्तपणे बोली लावतो. काय हाती येणार आहे, हे त्याला पुरतं कळलेलं असतं.

घेणाऱ्याची परीक्षा वेगळी. ईबेवर आपण जास्तीत जास्त किती देऊ तो आकडा भरून ठेवायचा. यंत्रणा आपल्या वतीनं लागेल तेवढीच बोली वाढवत नेते. तुमची तयारी ६० डॉलरपर्यंत आहे आणि दुसऱ्याची धाव ४५ पर्यंतच, तर वस्तू तुम्हाला ४६ ला मिळते. विल्यम विकरी या अर्थतज्ज्ञानं १९६१ मध्येच दाखवलं होतं की, जिंकणाऱ्यानं दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीइतकी रक्कम मोजायची असा नियम असेल, तर मनातली खरी किंमत सांगण्यातच प्रत्येकाचं हित असतं.

पण त्यासाठी मनात एक खरी किंमत असावी लागते आणि नवख्याकडे नेमकी तीच नसते. तशा वस्तू आजवर प्रत्यक्षात कितीला गेल्या हे त्यानं पाहिलेलं नसतं. पाहिलेलं असतं ते लोक काय मागतात एवढंच. मग तो ४० लिहितो, कोणी ४१ करतं, हा ४५ वर जातो. रात्री जेवण टाकून मोबाइलकडे डोळे लावून बसतो. माणूस एकदा इरेला पेटला, की वस्तूची किंमत बाजूला राहते आणि न हरण्याची किंमत सुरू होते. लिलाव जिंकल्याच्या दुसऱ्या दिवशी 'पैसे भरा' असा निरोप येतो, तेव्हा जाग येते. काही जण मग गप्प बसतात, पैसे भरतच नाहीत. विक्रेत्याचा आठवडा वाया जातो. बोली म्हणजे दिलेला शब्द, हे मोबाइलवर अंगठा टेकवताना लक्षात राहत नाही.

जुने जाणते शेवटच्या काही सेकंदांत बोली टाकतात, म्हणून नवखे चिडतात. ही अनीती आहे का? आल्विन रॉथ आणि अ‍ॅक्सेल ऑकेनफेल्स या दोघांनी २००२ मध्ये याचा अभ्यास प्रसिद्ध केला. ईबेचा लिलाव ठरल्या क्षणी बंद होतो. अ‍ॅमेझॉनच्या त्या काळच्या लिलावात शेवटच्या दहा मिनिटांत बोली आली, तर मुदत वाढायची. शेवटच्या क्षणाची धांदल ईबेवर कितीतरी जास्त आढळली. नियम जसा, तशी माणसं वागली. नियम सगळ्यांना आधीपासून ठाऊक आहे, तेव्हा यात लपवाछपवी नाही. लपवाछपवी आहे ती आपल्याच वस्तूवर मेहुण्याच्या खात्यातून बोली लावून भाव फुगवण्यात. आपल्या १९३० च्या मालविक्री कायद्याच्या ६४ व्या कलमानं तर अशी खोटी बोली लावून भाव चढवल्यास सौदा मोडण्याचा हक्क घेणाऱ्याला दिलेला आहे. संगणक यायच्या किती आधी मेहुणा ओळखीचा झाला होता, पाहा!

अनोळखी माणसांमध्ये विश्वास बसावा म्हणून ईबेनं १९९६ मध्ये अभिप्रायाची पद्धत आणली. सौदा झाला की दोघांनी एकमेकांविषयी शेरा द्यायचा. लवकरच 'तू मला बरं म्हण, मी तुला म्हणतो' असा मामला झाला आणि वाईट शेऱ्याला वाईट शेऱ्यानं उत्तर मिळू लागलं. शेवटी २००८ मध्ये विक्रेत्यांनी घेणाऱ्यांना वाईट शेरा देण्याची मुभाच काढून घेतली गेली. या नावलौकिकाची रोकड किंमत किती? पॉल रेझनिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका नावाजलेल्या विक्रेत्याची जुनी पोस्टकार्डं काही त्याच्या खात्यावरून आणि तशीच काही कोऱ्या खात्यांवरून विकून पाहिली. २००६ मध्ये निष्कर्ष छापून आले: जुन्या नावाला सुमारे ८ टक्के जास्त भाव मिळाला. म्हणजे नाव कमावण्याला किंमत आहे, पण ती काही डोळे दिपवणारी नाही. जो केवळ या ८ टक्क्यांसाठी खरं बोलतो, त्याला ९ टक्के दिसले की तो खोटं बोलेल.

आपल्याकडे 'बाझी डॉट कॉम' २००४ मध्ये ईबेनं विकत घेतली आणि २०१८ मध्ये ईबे इंडियाचं दुकान बंद झालं. आता जुनी पुस्तकं, नाणी, पोस्टाची तिकिटं यांच्या बोली व्हॉट्सअ‍ॅपच्या आणि फेसबुकच्या गटांत लागतात. तिथं बरंचसं काम माणसाच्या शब्दावरच चालतं. तेव्हा सावधपणाही हवा. पैसे 'पाठवायचे आहेत' म्हणून कोणी क्यूआर कोड धाडला आणि पिन टाकायला सांगितला, तर तिथंच थांबावं. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागत नाही, द्यायला लागतो.

आणि काही वस्तू लिलावाला लावण्याआधी घरातच विचारायच्या असतात. आजीचा डबा आपल्याला अडगळ वाटतो, पण धाकट्या बहिणीला त्याचं काय वाटतं? तिला फोटो लिलावात दिसण्यापेक्षा आधी आपल्याकडून कळलेलं बरं. तसंच देव्हाऱ्यातली मूर्ती शंभर वर्षांहून जुनी असेल किंवा एखादी हस्तलिखित पोथी ७५ वर्षांहून जुनी आणि अभ्यासाच्या दृष्टीनं मोलाची असेल, तर १९७२ च्या पुरावस्तूंच्या कायद्याचा विचार करावा लागतो. अशा वस्तूंच्या धंद्याला परवाना लागतो आणि खासगी माणसाला त्या परदेशी धाडता येत नाहीत.

आतापर्यंतच्या गोष्टी एका अर्थी सोप्या होत्या, कारण त्यांत खरेपणा शेवटी परवडतो. दोष लिहिणाऱ्याचं पार्सल भांडण घेऊन परत येत नाही. मनातली किंमत ठरवून बसणारा भलतंच मोजत नाही. अवघड प्रसंग येतो तो विकणाऱ्यापेक्षा घेणाऱ्याला जास्त कळत असेल तेव्हा.

२००७ साली ईबेवर बिअरची एक जुनी, न फोडलेली बाटली आली. सर एडवर्ड बेल्चर यांच्या १८५२ च्या आर्क्टिक मोहिमेसाठी ऑलसॉप कंपनीनं बनवलेली ती बिअर होती. विक्रेत्यानं कंपनीच्या नावातलं एक अक्षर गाळलं, त्यामुळे शोधणाऱ्यांना ती फारशी सापडलीच नाही. ३०४ डॉलरला गेली. घेणाऱ्यानं नाव नीट लिहून तीच बाटली पुन्हा लावली आणि बोली ५,०३,३०० डॉलरवर पोचली. ती बोली चेष्टेची निघाली, पैसे आलेच नाहीत, हा भाग वेगळा. पण चुकीच्या स्पेलिंगची पाळत ठेवून असणारी मंडळी लिलावात आजही आहेत. ती विक्रेत्याला एक प्रश्नही विचारत नाहीत. विचारलं तर तो जागा होईल ना!

सिसरोनं इसवी सनापूर्वी ४४ मध्ये आपल्या मुलासाठी कर्तव्यावर एक ग्रंथ लिहिला. त्यात क्विंटस स्केव्होला या रोमन कायदेपंडिताची हकिगत आहे. त्याला एक जमीन घ्यायची होती. एकच काय ती किंमत सांग, असं तो मालकाला म्हणाला. मालकानं सांगितली. जमीन याहून जास्त मोलाची आहे असं म्हणत स्केव्होलानं वर एक लाख नाणी दिली. माणूस भला, पण शहाणा नव्हे, असं लोक म्हणाले. भलेपणा आणि शहाणपणा दोन वेगळ्या खणांत ठेवायला सिसरो मात्र तयार नव्हता.

प्रत्येक सौद्यात स्केव्होला व्हावं असं मी म्हणणार नाही. समोर मुरलेला व्यापारी असेल, तर आपला अभ्यास ही आपली कमाई. तो त्याच्या ज्ञानावर खातो, आपण आपल्या. पण 'वडील गेले, घर रिकामं करायचंय, यातलं मला काही कळत नाही' असं ज्यानं वर्णनातच लिहिलंय, त्याच्या अज्ञानावर मिळालेला नफा वेगळ्या जातीचा. त्याला दोन ओळी लिहून कळवायला काय हरकत आहे? हरकत एकच, की वस्तू मग आपल्याला मिळणार नाही. इथं खरेपणा परवडत नाही, तो पदरमोड करूनच करावा लागतो. बोली वाढवण्याचं काम यंत्रणा आपल्या वतीनं करते. या दोन ओळी मात्र ज्याच्या त्यानेच लिहायच्या असतात.