रोझरी तर आम्हीही म्हणत होतो



ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीला आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ५७ फुटांवर गेले. तेथे धोक्याची पातळी ४५ फूट आहे. २००५ च्या पुराची खूण पुष्कळांच्या लक्षात होती. तिच्यापुढे पाणी येणार नाही, असे धरून अनेक जण घरातच थांबले. पाणी त्या खुणेच्याही वर चढले. ८ ऑगस्टला पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे पूरग्रस्तांना घेऊन निघालेली बोट उलटली आणि सतरा जण दगावले.

पूर ओसरल्यानंतर एका प्रार्थनासभेत एका बंधूंनी साक्ष दिली. पाणी त्यांच्या घराच्या तिसऱ्या पायरीला लागले होते, घरातले सगळे रोझरी म्हणत बसले आणि देवाने पाणी तिथेच थांबवले. सर्वांनी मोठ्याने 'आमेन' म्हटले. मागच्या बाकावरील एक भगिनी मात्र गप्प होत्या. त्यांचे घर छपरापर्यंत बुडाले होते. निघताना त्या मला एवढेच म्हणाल्या, "फादर, रोझरी तर आम्हीही म्हणत होतो."

मला काही उत्तर देता आले नाही. "देवाची इच्छा" एवढे म्हणून मी सुटू शकलो असतो, पण ते शब्द ओठावर आले नाहीत याचे आज मला बरे वाटते.

त्या बंधूंनी आभार मानले यात काहीच चूक नाही. जो वाचला त्याने आभार मानावेतच. पण आपल्या आभारातून नकळत दुसरा अर्थ निघतो, की ज्यांचे घर गेले त्यांची श्रद्धा कमी पडली. हा हिशेब प्रभू येशूला मान्य नाही. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसे मेली, तेव्हा ती इतरांपेक्षा अधिक पापी होती काय, असा प्रश्न त्यानेच लोकांना केला आणि स्वतःच 'नाही' असे उत्तर दिले (लूक १३). ब्रह्मनाळच्या सतरा जणांविषयीही त्याचे उत्तर तेच असणार.

मग आशा कशाची धरायची? ख्रिस्तसभेच्या शिकवणीनुसार आशेविरुद्ध दोन पापे आहेत. पहिले निराशा, हे आपल्याला ठाऊक असते. दुसरे म्हणजे देवाला गृहीत धरणे. ते आपण फारसे लक्षात घेत नाही, कारण ते बाहेरून श्रद्धेसारखेच दिसते. सैतानाने येशूला मंदिराच्या शिखरावरून उडी टाकायला सांगितले, तेव्हा त्याने त्यासाठी शास्त्रवचनाचाच आधार घेतला होता! येशूने उडी टाकली नाही. इशारा मिळूनही नदीकाठच्या घरात बसून राहणे आणि "देव बघेल" म्हणणे, हे मला त्या उडीसारखेच वाटते. अर्थात, प्रत्येकाला इशारा वेळेवर मिळतोच असे नाही. जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे येथे दरडी घरांवर कोसळल्या. त्या लोकांना दोष देण्याचा अधिकार कोणाला आहे?

गेथशेमनी बागेत येशूनेही प्याला दूर करण्याची विनंती केली होती. प्याला दूर झाला नाही. जगाच्या पाठीवर याहून शुद्ध प्रार्थना कोणती झाली असेल? तरीही शुक्रवार टळला नाही. पित्याने त्याला मरणातून उठवले, आणि उठल्यावरही त्याच्या हातांवर खिळ्यांच्या खुणा होत्याच. म्हणून ख्रिस्ती माणसाची आशा पाणी तिसऱ्या पायरीवर थांबण्यावर टेकलेली नाही. पाणी छपरावरून गेले तरी तो आपल्याबरोबर आहे आणि मरणही त्याला आपल्यापासून तोडू शकत नाही, यावर ती टेकलेली आहे. हे लिहायला सोपे आहे. चिखल झालेले धान्य घमेल्यात भरून बाहेर टाकणाऱ्या माणसाला हे सांगण्यापूर्वी मात्र आपणही थोडी घमेली उचलावीत.

जुलै २०२१ मध्ये सांगलीत पाणी पुन्हा ५० फुटांच्या वर गेले. या वेळी त्या भगिनी पाणी गल्लीत येण्याआधीच बाहेर पडल्या. कागदपत्रांची पिशवी एका हातात, आणि दुसऱ्या हाताने शेजारच्या एकट्या आजींना धरलेले. त्या आजी आपल्या धर्माच्या नाहीत. एका शाळेत त्यांची सोय झाली होती. मी भेटायला गेलो तेव्हा आजी झोपल्या होत्या आणि या रोझरी म्हणत होत्या. मी शेजारी बसून उरलेली माळ त्यांच्याबरोबर म्हटली.